पटकीचें विष

गांवोगांवचीं जरीमरीचीं देवळें पाहिलीं म्हणजे पटकीनें आपल्या पूर्वजांची कशी गाळण उडविली होती, याची कल्पना येते. सकाळीं धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळीं दगावत असे. इतक्या थोड्या वेळांत देहांतील पाणी बाहेर लोटणारें असें त्या जंतूपाशीं होतें तरी काय?

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यांत स्वल्पविरामासारखा वांकडा असा हा जंतु निश्चित केला आणि तो कांहीं विष निर्माण करीत असावा, असा तर्कही केला. परंतु पुढें पाऊणशें वर्षें तें विष कोणाच्या हातीं लागलें नाहीं. शोधणारे प्राण्यांच्या रक्तांत किंवा उदराच्या पोकळींत जंतु टोंचीत आणि प्राणी मरतो कीं नाहीं तें पाहत! आंतड्याच्या रोगाची परीक्षा आंतड्यांतच करावी, ही साधी गोष्ट कलकत्त्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनीं मनावर घेतली.

सशाच्या लहान आंतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनीं दोऱ्यानें बांधून त्यांत त्यांनीं पटकीचे जंतु सोडले. तो भाग पाण्यानें फुगला. १९५९ सालीं त्यांनीं जंतु गाळून काढलेलें नुसतें द्रव घातलें; तरीही आंतडें तसेंच तुंबलें. जंतु नाहीं, पण रोग आहे! इतकें असूनही १९८५ सालीं डे वारले तोंपर्यंत स्वदेशांतील एकाही मोठ्या विज्ञानसंस्थेनें त्यांस आपलें सदस्यत्व दिलें नाहीं. ही गोष्ट आपणांस भूषणावह खास नव्हे.

या विषाचे सहा घटक असतात. पांच आंतड्याच्या पेशीस चिकटतात. सहावा आंत शिरतो आणि पेशींतून क्षार व त्यामागोमाग पाणी वाहूं लागतें. हें विष घडविण्याची कृति जंतूच्या जनुकांत, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या सूक्ष्म घटकांत, सांठविलेली असते. १९९६ सालीं अमेरिकेंत वाल्डॉर व मेकॅलानोस यांनीं दाखविलें कीं, हीं जनुकें जंतूचीं स्वतःचीं नव्हतच; जंतूंनाच ग्रासणाऱ्या एका विषाणूबरोबर तीं आंत आलेलीं असतात. खाड्यांच्या पाण्यांत याच जातीचे कित्येक जंतु राहतात. हीं जनुकें नसल्यानें त्यांच्यापासून पटकीची सांथ उद्भवत नाहीं. आणि विषाणु आंत शिरतो तो कोठून? ज्या बारीक तंतूंच्या साहाय्यानें जंतु मनुष्याच्या आंतड्यांत ठाण मांडतो, नेमक्या त्याच तंतूंस धरून.