मुख्त्यारनाम्यापासून सोळा सूचनांपर्यंत

नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एखाद्या स्थानिक संघटनेचा सत्यशोधन अहवाल हाती पडला, की आपण त्याला फार तर आणीबाणीनंतरची उपज समजतो. त्याचे मूळ शोधायला मात्र आपल्याला १८७० सालच्या पुण्यात जावे लागते. त्या वर्षी २ एप्रिलला सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद व्हायचे, तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुख्त्यारनामा आणावा लागे. अशा ९५ सभासदांच्या पाठीशी सुमारे सहा हजार सह्या होत्या. सभेमागचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, पेशाने वकील; तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हा सरकारचा पहिला प्रश्न असणार हे त्यांनी नेमके हेरले होते. १८७६–७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची हलाखी सरकारला लेखी कळवली. पुढच्या, १८९६ च्या दुष्काळात सभा टिळकपक्षाच्या हाती होती. तिची माणसे खेड्यांत जाऊन रयतेला दुष्काळसंहितेतले हक्क समजावू लागली. सरकारी कायदाच लोकांना सांगणे सरकारला झोंबले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता गेली.

सह्यांनी प्रतिनिधित्व सिद्ध होते, घटना नव्हे. घटना सिद्ध करण्याची शिस्त आली १९१९ नंतर, पंजाबात. जालियनवाला बागेच्या सरकारी चौकशीवर, म्हणजे हंटर समितीवर, बहिष्कार टाकून काँग्रेसने स्वतःची समिती नेमली. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि मुंबईचे मुकुंदराव जयकर असे हे वकिलांचे पथक. त्यांनी १,७०० हून अधिक साक्षी तपासल्या आणि छापल्या त्यातल्या साडेसहाशेच्या आसपास. बाकीच्या बाजूला ठेवण्याचा हा संयम मला सर्वांत मोलाचा वाटतो. चीड तर प्रत्येकालाच आली होती. पण उलटतपासणीत टिकणार नाही ते छापायचे नाही, हा दंडक तिथे पडला.

१९३६ मध्ये मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन उभी राहिली. रवींद्रनाथ मानद अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष, प्रेरणा नेहरूंची. वर्षभरातच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि युनियनचा जोर ओसरला. स्वकीयांच्या सरकारला जाब विचारायचा कसा, हा पेच मग थेट आणीबाणीपर्यंत रेंगाळला. १९७६ मध्ये जयप्रकाशांच्या पुढाकाराने लोकस्वातंत्र्य व लोकशाही हक्क संघटना निघाली. तिचे अध्यक्ष विठ्ठल महादेव तारकुंडे, जन्माने सासवडचे, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. १९७७ मध्ये त्यांच्या समितीने आंध्रातल्या पोलीस चकमकींची पाहणी केली. गिराईपल्लीच्या जंगलात १९७५ साली चार तरुण चकमकीत मेल्याचे पोलीस सांगत होते. त्यांना झाडांना बांधून गोळ्या घातल्याचा निष्कर्ष समितीने काढला. १९७७ मध्येच मुंबईत लोकशाही हक्क संरक्षण समिती कामाला लागली. पुढे १९९२–९३ च्या दंगलींवर माजी न्यायमूर्ती दाऊद आणि सुरेश यांचा लोकअहवाल १९९३ मध्येच आला. श्रीकृष्ण आयोगाचा सरकारी अहवाल यायला १९९८ उजाडले.

या वाटेवरचा शेवटचा मोठा टप्पाही मुंबईचाच. १९९५ ते १९९७ या काळातल्या पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे यांबद्दल पीयूसीएल, म्हणजे जयप्रकाशांच्या पुढाकाराने निघालेल्या त्याच संघटनेचे पुढचे रूप, न्यायालयात गेली. निकाल लागला २३ सप्टेंबर २०१४ रोजी. सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतल्या मृत्यूंसाठी सोळा सूचना घालून दिल्या: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, मृताच्या नातलगांना लवकरात लवकर कळवा. आता एखाद्या चकमकीची बातमी आली, की कार्यकर्त्यांना ठाण्यात जाऊन या सूचनांवर बोट ठेवून विचारता येते: गुन्हा कोणत्या तारखेला नोंदवला, शवविच्छेदनाचे चित्रीकरण झाले का, हत्यार तपासणीला दिले का. उत्तरे बहुधा तोंडी आणि मोघम मिळतात; मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला घ्यावा लागतो.