न्हाणीच्या पाण्यावरची बाग

सांगोल्याकडच्या जुन्या घरांमागे न्हाणी असायची. तिचं सांडपाणी जिथं जाऊन मुरायचं, तिथं अळू, केळी, कडेला शेवगा. खरकटं जनावरांना, शेण उकिरड्यात आणि कुजलेलं खत परसातल्या वाफ्यात. याला कुणी तत्त्वज्ञान म्हणत नव्हतं. पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पाणी एकदाच वापरून सोडणं परवडतच नव्हतं.

1978 साली टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड होमग्रेन यांनी पुस्तक लिहून अशा मांडणीला नाव दिलं : पर्माकल्चर. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा खुराक, माती उघडी ठेवायची नाही, एकाच पिकावर विसंबायचं नाही. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे जाणकार. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’नं दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगेल, याचा हिशेब मांडला. तो विचार पुढे शहरातल्या गच्च्यांवरही पोचला.

सांगोला मात्र वेगळ्या वाटेनं गेला. 1990 च्या सुमारास राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. हलक्या, मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब फुललं. ज्या रानात ज्वारीची शाश्वती नव्हती, तिथला माल परदेशी जाऊ लागला. बंगले उभे राहिले. ते कष्टाचंच चीज होतं. पण बंगल्याबरोबर परसात पेव्हर ब्लॉक आले आणि मोरीचं पाणी गटारात गेलं.

रानातही सगळीकडे एकच ‘भगवा’, तोही गुटी कलमाचा, म्हणजे झाडं जवळपास एकसारखीच. आधी तेल्यानं गाठलं. 2021-22 च्या सुमारास खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यानं हात धुऊन घेतले. कित्येकांना उभ्या बागा उपटाव्या लागल्या.

दोष डाळिंबाचा नाही. सगळा भार एकाच झाडावर टाकला, ही चूक.

आता एक हिशेब तुम्हीच करा. हजार चौरस फुटांचं छत आणि वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस धरला, तर छतावर सुमारे 46 हजार लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं जरी परसात मुरवलं, मोरीच्या पाण्यावर चार केळी लावल्या आणि पालापाचोळा न जाळता झाडांच्या बुडाशी पसरला, तरी बंगल्यामागचा गुंठाभर तुकडा पुन्हा हिरवा होऊ शकतो. तेवढ्यानं बागेचं कर्ज फिटणार नाही, पण भाजीचा वाटा घरातच पिकेल.

आजीला पर्माकल्चर हा शब्द ठाऊक नव्हता. तिची रीत मात्र आपल्याला अजून आठवते. विसरण्याआधी दोन पेव्हर ब्लॉक उचलून बघा.