उंडेऱ्याचा हिशेब आणि सरकारी शास्त्रज्ञ

बडोद्याच्या पश्चिमेस, गोरव्याच्या पुढे, उंडेरा नावाचे गाव आहे. २०२० साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शहरापासून सहा मैलांवरचे हे खेडे एके काळी जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत नावानिशी उल्लेखिले जात होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. शास्त्रज्ञाने सरकारला सल्ला द्यावा कसा आणि सरकारने त्या शास्त्रज्ञास वागवावे कसे, या दोन्ही प्रश्नांवर या गावाच्या इतिहासाने चांगला प्रकाश पडतो.

प्लेग अथवा त्या काळची वृत्तपत्रे ज्याला 'ग्रंथिक सन्निपात' म्हणत तो आजार सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत उघडकीस आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसा येथील एका ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात ती टोचण्याचे कार्य करीत होते. ते पदवीधर वैद्य नव्हते, सरकारी वैद्यक खात्याचे अधिकारी नव्हते आणि इंग्रजही नव्हते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली.

तथापि तुरुंगातील अनुभव हा पुरेसा पुरावा नव्हे, असे म्हणण्यास जागा होती. लस घेणारे लोक मुळातच सावध आणि सुस्थितीतले असतील, न घेणारे दाट वस्तीतले असतील. मग वाचले ते लसीमुळे की राहणीमुळे? या शंकेचे निरसन फेब्रुवारी १८९८ मध्ये गायकवाडी मुलखातील उंडेऱ्यात झाले. गावात प्लेगने अनेक बळी घेतले होते आणि साडेनऊशेच्या आसपास माणसे उरली होती. हाफकिन आणि त्यांचे सहकारी डॉ. बॅनरमन यांनी घरटी यादी केली आणि प्रत्येक कुटुंबाचे वय, लिंग व प्रकृती पाहून शक्य तितके समान दोन भाग केले. एका भागास लस टोचली, दुसऱ्यास टोचली नाही. अशा ५१३ जणांना लस मिळाली. एकाच छपराखाली राहणारी, एकाच विहिरीचे पाणी पिणारी, एकाच चुलीवरचे अन्न खाणारी ही माणसे असल्यामुळे दोन्ही भागांत लसीखेरीज दुसरा महत्त्वाचा फरक उरला नाही.

पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या कुटुंबांतील लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. म्हणजे मृत्यूचे प्रमाण दहापटीने कमी झाले.

हे आकडे आनंदाने वाचण्यासारखे नाहीत. त्या सव्वीस जणांपैकी कोणाचा मुलगा, कोणाची सून, कोणाचा धाकटा भाऊ असणार. त्याच घरात त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाला लस मिळाली होती. आजच्या नीतिनियमांनुसार असा प्रयोग त्याच रीतीने करू देतील की नाही, याची शंकाच आहे. परंतु त्यानंतर ज्या लक्षावधी लोकांनी विश्वासाने दंड पुढे केला, त्यांच्या विश्वासाचा एक पाया उंडेऱ्याच्या निनावी कुळांनी घातला. आपल्या घराण्यांतून 'प्लेगच्या सालीं' शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी सांगतात. या गोष्टींच्या जोडीला हे ऋणही स्मरणात असावे.

उंडेऱ्याचे खरे महत्त्व असे की, हाफकिन यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची कोणास गरज उरली नाही. हिशेब खुला होता, कोणीही तो तपासावा. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने हाफकिन यांच्या पद्धतीतील, विशेषतः लसीच्या मात्रेच्या निश्चितीतील, उणिवा दाखविल्या. परंतु लसीने रोग व मृत्यू दोन्ही घटतात हे त्यालाही मान्य करावे लागले. पुण्यात रँडसाहेबाच्या सोजिरांनी घरे उपसली, त्याचा परिणाम जून १८९७ मध्ये सर्वांनी पाहिला. सक्तीने जे साधले नाही, ते खुल्या पुराव्याने साधू पाहणारा हा दुसरा मार्ग होता.

१८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. त्यांची प्रतिष्ठा अशी शिखरास पोहोचली असतानाच घात झाला. पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण योजिले आणि लसीची मागणी एकाएकी वाढली. उत्पादन वाढावे म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला व कार्बोलिक आम्ल वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांपैकी कोणालाही अपाय झाला नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. दोष प्रयोगशाळेतच शिरला असावा, असा निष्कर्ष निघाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. वस्तुतः पुराव्यातच त्यांच्या बचावाचे साहित्य होते. बाटली उघडण्यापूर्वी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. धनुर्वाताचे जंतू अनेक आठवडे बाटलीत वाढले असते तर दुर्गंधी आली असती. बाटली हुंगणाऱ्या डॉक्टरांना ती आली नव्हती. परंतु हे कागद १९०६ च्या अखेरपर्यंत सरकारी दप्तरातच राहिले. ते बाहेर आल्यावर रोनाल्ड रॉस आदी दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची निर्दोषता मांडली. त्यानंतर सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले खरे, परंतु परळचे संचालकपद त्यांना परत मिळाले नाही.

या दोन गावांची तुलना करावी. उंडेऱ्याचा हिशेब उघड्यावर होता, म्हणून टीकाकारांच्या कसोटीस तो उतरला. मुलकोवालचा निवाडा मात्र बंद दप्तरात झाला, म्हणून चार वर्षे एका माणसावर बट्टा राहिला. उत्पादनाची घाई सरकारच्या मोहिमेने लावली, आणि घाईचा दोष मात्र सल्लागाराच्या माथी गेला. हाफकिन यांना वैद्यक खात्याचे पाठबळ नव्हते, जातभाईंचा गोतावळा नव्हता. जे काही होते ते सरकारची मर्जी असेपर्यंतच.

बडोद्यास हा विषय परका नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन उभारण्यासाठी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांना पुढे केले आणि १९१० मध्ये ग्रंथालयांसाठी अमेरिकेहून बॉर्डन यांना आणले. गुणग्राहक राजा लाभणे हे तज्ज्ञाचे भाग्य. परंतु भाग्य म्हणजे हक्क नव्हे. राजा बदलतो, मर्जी फिरते. तज्ज्ञाचा सल्ला टिकतो तो त्याचा पुरावा लोकांसमोर असेल तर, आणि त्याच्यावरील आरोपही तितक्याच उघडपणे तपासले जात असतील तर. २०२० च्या महामारीत देशोदेशींचे शास्त्रज्ञ मंत्र्यांच्या शेजारी उभे राहून बोलताना आपण पाहिले. त्या वेळी लोकांना पडलेला प्रश्न हाच होता: हा माणूस आपल्याशी बोलतो आहे, की मंत्र्याच्या वतीने?

परळच्या प्रयोगशाळेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. मुंबईत त्यांचे नाव संस्थेच्या रूपाने उरले आहे. उंडेऱ्यात त्या सव्वीस जणांसाठी एखादी पाटी उभी राहिली, तर बडोदेकरांना ती शोभून दिसेल.