घरच्या घरी लाकडाचं मेण-पॉलिश कसं बनवतात? आणि वापरलेल्या चिंध्यांची भीती कशासाठी?

देव्हारा, सागवानी पाट, आजीच्या काळातली पेटी. वर्षानुवर्षं वापरून अशा वस्तू निस्तेज दिसायला लागतात. त्यांना काचेसारखी चकाकी नको, फक्त लाकडाचा मूळ रंग उठून दिसावा असं वाटत असेल तर मेण-पॉलिश हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. ते घरीही बनतं. लागतं काय, तर मधमाशीचं मेण आणि तेल.

नेहमीचं प्रमाण वजनाने एकास तीन, म्हणजे १०० ग्रॅम मेणाला ३०० ग्रॅम जवसाचं तेल. मेण वाढवलं की पॉलिश घट्ट होतं, तेल वाढवलं की पातळ. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉईल्ड' म्हणून मिळणारं जवसाचं तेल साधारण दिवसभरात सुकतं, कारण त्यात सुकवणारी रसायनं घातलेली असतात. कच्च्या तेलाला कित्येक दिवस लागतात. मेण पारखून घ्यावं. मधमाशीच्या मेणाला मधाचा हलका वास असतो आणि हातात धरलं की ते मऊ पडून किंचित चिकटतं. मेणबत्तीचं पॅराफिन मेण गुळगुळीत लागतं, त्याला वास नसतो.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं. त्यामुळे ते थेट गॅसवर ठेवण्याची गरजच नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात किसलेल्या मेणाचं लहान भांडं ठेवायचं. मेण वितळलं की तेल घालून ढवळायचं आणि मिश्रण रुंद तोंडाच्या डब्यात ओतायचं. गार झाल्यावर ते लोण्यासारखं दिसतं. चुकून भांडं पेटलंच तर पाणी ओतू नये, गॅस बंद करून वर झाकण ठेवावं.

काही जण तेलाऐवजी टर्पेंटाईन वापरतात. त्याने पॉलिश लवकर सुकतं, पण काम जोखमीचं होतं. टर्पेंटाईनची वाफ साधारण ३५ अंशांपासूनच ठिणगीने पेटू शकते. म्हणजे मे महिन्यात नागपुरात ते खोलीतल्या तापमानालाच धोकादायक. म्हणून ते मिसळायचं असेल तर गॅस बंद करून, वितळलेलं मेण घराबाहेर नेऊन मगच.

लावण्याची पद्धत सोपी आहे. लाकूड २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पुसायची, सुती कापडाने अगदी पातळ थर द्यायचा, १५-२० मिनिटांनी कोरड्या फडक्याने घासून चकाकी आणायची. जाड थर दिला की तो चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. बहुतेकांची चूक इथेच होते.

पोलपाटाला हे पॉलिश चालेल का?

नाही. बॉईल्ड तेलातली रसायनं पोळीला लागायला नकोत. पोलपाट-लाटणं किंवा भाजी चिरायच्या फळीसाठी औषधांच्या दुकानात मिळणारं साधं, दुसरं औषध न मिसळलेलं लिक्विड पॅराफिन घ्यावं. एक भाग मेणाला चार भाग. शेंगदाणा तेल घरात असतंच, पण ते नीट सुकत नाही आणि पुढे खवट होतं.

मेणाकडून संरक्षणाची अपेक्षा मात्र करू नये. चहाचा गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, पावसाचा मारा बसणाऱ्या दारावर ते टिकत नाही. शिवाय मेण लावलेल्या लाकडावर नंतर मेलामाईन किंवा पीयू नीट धरत नाही, आधी टर्पेंटाईनने पुसून सगळं घासून काढावं लागतं. उलट क्रम चालतो : आधी चंद्रुस किंवा लाखेचं पॉलिश, ते पूर्ण सुकल्यावर वरून मेण.

खरा धोका काम संपल्यावर

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन सुकत नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता तयार होते. फळीवर पसरलेल्या थरातून ती निघून जाते. पण तेलकट चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की उष्णता आत कोंडते, वाढत जाते आणि काही तासांनी काडी न लावताही चिंध्या पेटू शकतात.

अमेरिकेत फिलाडेल्फियामधल्या 'वन मेरिडियन प्लाझा' या ३८ मजली इमारतीत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी असंच झालं. लाकडी कामाला तेल लावून झाल्यावर जवसाच्या तेलाच्या चिंध्या २२ व्या मजल्यावर राहिल्या होत्या. तिथून लागलेली आग सुमारे १९ तास धुमसली, अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ३० व्या मजल्यावरच्या स्प्रिंकलरनी ती अखेर रोखली.

त्यामुळे चिंध्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घालावी. ती कडक झाली की टाकून द्यायला हरकत नाही. तेवढी जागा नसेल तर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून वर झाकण लावावं. लिक्विड पॅराफिन हवेत असं सुकत नाही, म्हणून त्याच्या चिंध्यांना हा धोका नसतो.