लोहारकामाचे ग्रंथ

आमच्या मंडळाच्या ग्रंथसंग्रहात हस्तव्यवसायांवरील पुस्तकांचे एक कपाट असावे असे ठरले, आणि लोहारकामाची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. पैका थोडा, पाच-सहा ग्रंथांपलीकडे मजल जाणे शक्य नव्हते. काम सोपे वाटले होते. परंतु ज्यांनी घण हाती धरला त्यांनी लेखणी धरली नाही, आणि ज्यांनी लेखणी धरली त्यांतील बहुतेकांनी घण पाहिला तो दुरून. म्हणून लोहारकामाचा ग्रंथ निवडताना प्रथम विचारावयाचे ते हे की, लिहिणारा भट्टीपासून किती अंतरावर उभा होता?

या कसोटीस बेंगळूरकरांच्या दृष्टीने पहिला उतरतो तो फ्रान्सिस बुकॅनन. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि पुढच्याच वर्षी वेलस्लीच्या हुकुमावरून कंपनीचा हा डॉक्टर मद्रासेहून नव्या मुलखाच्या पाहणीस निघाला. परप्रांती धाडलेला नोकरच तो. पण त्याने केलेले टिपण पाहिले म्हणजे आपल्या दौऱ्यांच्या अहवालांची लाज वाटते. म्हैसूर, कानडा व मलबार येथील प्रवासाचे त्याचे तीन खंड १८०७ साली लंडनला प्रसिद्ध झाले. मागडी, मधुगिरी या बाजूंच्या डोंगराळ भागात लोखंड कसे गाळीत आणि त्याचे पोलाद कसे करीत, हे त्याने तेथे जाऊन पाहिले व लिहिले. मातीची मूस, तीत लोखंडाचा लहानसा तुकडा, बरोबर मोजून घातलेल्या तरवडाच्या काटक्या आणि हिरवी पाने, मग मुशीचे तोंड लिंपून भट्टीत रचणे. कामावर माणसे किती, माल किती निघतो, कोणाच्या वाट्यास काय येते, हेही तो विचारतो. दोष इतकाच की, त्याचे सारे विचारणे दुभाष्यामार्फत चाले, आणि आपल्याला न पटलेली रीत अडाणीपणाची ठरविण्याची त्याला घाई असे. तथापि वाचकाने त्याचे मत सोडून द्यावे आणि वर्णन घ्यावे. काटक्या व पाने ही काही अंधश्रद्धा नव्हे; बंद मुशीत त्यांचा कोळसा होतो, त्यातील कार्बन लोखंडात मुरतो, आणि लोखंडाचे पोलाद होते.

हेच पोलाद विलायतेत 'वूट्झ' म्हणून गाजले. कानडीत पोलादास 'उक्कु' म्हणतात. त्याचाच हा अपभ्रंश, असे सामान्यतः मानले जाते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनचा त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. पुढे मायकेल फॅरडेने स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या करणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने त्याचे पृथक्करण केले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा, हे येथे विसरू नये. हा सगळा इतिहास एका ठिकाणी हवा असेल तर बेंगळूरच्याच शारदा श्रीनिवासन व एस. रंगनाथन यांचे वूट्झवरील २००४ चे पुस्तक घ्यावे. मूळ कागद वाचावयाचे असतील तर धरमपाल यांचा अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्र यांवरील १९७१ चा संग्रह आहे. पुढे सेवाग्रामला राहिलेल्या या संशोधकाने स्कॉटची पत्रे, बेंजामिन हाइनचे लोखंडाच्या भट्ट्यांचे वर्णन, अशी कागदपत्रे त्यात छापली आहेत. आम्ही दोन्ही यादीत घातली.

मराठीचे काय? राज्यव्यवहारकोशाचे नाव कोणीतरी सुचविले. त्यात शस्त्रवर्ग आहे. शिवाय रघुनाथपंत हणमंत्यांचे वडील शहाजीराजांचे कारभारी, म्हणजे बेंगळूरशी नाते. अभिमानाला तो ग्रंथ पुरतो, ऐरणीला पुरत नाही. आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) बलुतेदार लोहार भेटतो, पण तो गावाच्या हिशेबातला. त्याची कारागिरी तेथे शोधू नये. आम्ही निवडला मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती. तिची पुनर्मुद्रणे मिळतात. आमचे सहकारी हसले. पण त्यात 'तिखें' हा शब्द पाहावा. अर्थ पोलाद. संस्कृत रसग्रंथांनी लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे प्रकार सांगितले, त्यांतील 'तीक्ष्ण' मराठी लोहाराच्या तोंडी असा उतरला. आज तो किती जणांस समजेल? 'धावड' हा शब्दही तेथेच. महाबळेश्वराच्या डोंगरात लोखंड गाळणाऱ्यांचे ते नाव. भट्ट्या विझल्या आणि शब्द कोशात राहिला.

प्रत्यक्ष काम शिकणाऱ्यासाठी मात्र यांतील एकही ग्रंथ कामाचा नाही. अ‍ॅग्रिकोलाचा १५५६ चा प्रचंड लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आहे. हर्बर्ट हूव्हर यांनी अध्यक्ष होण्यापूर्वी, १९१२ साली, पत्नीसह त्याचे भाषांतर केले. चित्रे सुंदर, परंतु विषय मुख्यतः खाणींचा व धातू गाळण्याचा. त्याऐवजी इंग्लंडमधील रूरल इंडस्ट्रीज ब्यूरोने १९५२ साली खेड्यांतील लोहारांसाठी काढलेले 'द ब्लॅकस्मिथ्स क्राफ्ट' घ्यावे. त्यात पांडित्य नाही. एकेका क्रियेचे पायरीपायरीने छायाचित्र आणि खाली चार ओळी.

तरीही छापील पानावर न येणारी गोष्ट उरतेच. हत्याराला 'पाणी देणे' म्हणजे तापवून बुडविणे एवढेच नव्हे. त्यानंतर ते पुन्हा हलके तापवावे लागते, आणि त्याच्या घासलेल्या अंगावर रंग चढू लागतात. सुमारे २२० अंश सेल्सियसला फिकट गवती, ३०० च्या सुमारास निळा. वस्तऱ्याला गवती रंगावर थांबावे, स्प्रिंगला निळ्यावर. एवढे पुस्तक सांगते. पण उन्हात तो रंग एक दिसतो, छपराखाली दुसरा. म्हणून लोहार भट्टी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो.

असले बारकावे आणि 'तिखें'सारखे शब्द कोणा वृद्ध लोहाराकडून किंवा घिसाड्याकडून ऐकले, तर टिपून ठेवण्यासाठी यादीच्या शेवटी आम्ही दोनशे पानांची एक कोरी वही मागितली. समितीने ती मंजूर केली; मात्र ग्रंथखरेदीच्या नव्हे, लेखनसाहित्याच्या खात्यातून.