संमतीचे वय आणि पोटाची भूक

कोवळ्या वयातील मुलींच्या शीलाविषयी व आरोग्याविषयी बोलताना आपण सहसा संस्कारांपाशी थांबतो. संस्कार हवेतच; परंतु त्या मुलीच्या घरी चूल पेटत होती काय, हेही इतिहास आपणांस विचारतो. या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील लंडनचे उदाहरण मननीय आहे.

१८७५ साली इंग्लंडमध्ये मुलींचे संमतिवय बारावरून तेरा झाले. १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले, पण सरसकट सक्ती दहाव्या वर्षापर्यंतच होती. त्यानंतर गरिबाची मुलगी बहुधा परक्या घरी मोलकरीण म्हणून जाई. नोकरी सुटली की डोक्यावरचे छप्परही सुटे, आणि मालकाच्या शिफारसपत्रावाचून दुसरे घर मिळणे दुरापास्त. बाप गोदीत हमाल असेल, तर त्याचे काम तासाच्या बोलीवर, तेही मिळेल त्या दिवशी. अशा मुलीच्या 'संमती'ला कितीसा अर्थ उरतो?

रोगांची यात भर पडे. उपदंशावर खात्रीचे औषध नव्हते. कुमारिकेच्या संगाने तो बरा होतो, अशी घातक समजूत मात्र होती. १८६४ पासूनच्या सांसर्गिक रोगविषयक कायद्यांनी लष्करी ठाण्यांच्या व बंदरांच्या गावी संशयित स्त्रियांची सक्तीने तपासणी होई; त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नव्हे. जोसेफिन बटलर यांच्या दीर्घ लढ्यानंतर १८८६ साली हे कायदे रद्द झाले.

तत्पूर्वी, जुलै १८८५ मध्ये, 'पॉल मॉल गॅझेट'चे संपादक स्टेड यांनी लंडनमधील बालिकांच्या विक्रीवर लेखमाला लिहिली. तेरा वर्षांची मुलगी पाच पौंडांत मिळते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले. त्यापायी पुढे तीन महिन्यांचा कारावासही भोगला. लेखांची शहानिशा करणाऱ्या समितीत वेस्टमिन्स्टरचे महागुरुस्वामी कार्डिनल मॅनिंग होते. मजकूर सारतः खरा असल्याचा निर्वाळा समितीने दिला. ऑगस्टमध्ये संमतिवय सोळा झाले.

मॅनिंग तेथेच थांबले नाहीत, हे आम्हांस विशेष वाटते. १८८९ च्या गोदी कामगारांच्या संपात वयाची ऐंशी ओलांडलेल्या या धर्माधिकाऱ्याने मध्यस्थी केली आणि कामगारांना तासाला सहा पेन्स मिळाले. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांच्या 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्राने कामगाराचा चरितार्थ चालेल असे वेतन हा न्यायाचा विषय ठरविला. मुलीचे रक्षण आणि बापाची मजुरी ही एकाच प्रश्नाची दोन अंगे होती.

त्याच १८९१ साली हिंदुस्थानात, मुंबईच्या बेहरामजी मलबारींच्या प्रयत्नांना यश येऊन, संमतिवय दहावरून बारा झाले. येथे धोका बालविवाहाच्या रूढीतून होता, आणि तो विवाहितेच्या घरातच होता. आज २०१२ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकास संरक्षण आहे.

तरीही दारिद्र्यापायी शाळा सोडून दूरच्या शहरी धुणीभांडी करणाऱ्या मुली आपल्या परिचयाच्या आहेत. काही आपल्याच घरांत आहेत. त्यांना पुरेसे वेतन, आतून कडी लावता येईल अशी खोली, शिक्षणासाठी सवड आणि डॉक्टरांकडे निःसंकोच जाण्याची मोकळीक आपण देतो काय? धर्मग्रामांनी हा प्रश्न प्रवचनापुरता न ठेवता घरोघर विचारावा.