दिनविशेष : ४ डिसेंबर
'विक्रांत'ची विमाने झेपावली

१९७१ : बांगलादेश युद्धात विमानवाहू नौका 'विक्रांत'वरील सी हॉक विमानांनी आजच्या दिवशी सकाळी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला. नंतर चितगावचे बंदर आणि विमानतळही लक्ष्य झाले. या पराक्रमातली खरी अडचण सांगायलाच हवी. नौकेच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. आखूड डेकवरून उड्डाण करणाऱ्या विमानाला समोरून जोराचा वारा लागतो आणि तो मिळवण्यासाठी नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगाने हाकावी लागते. वेग कमी म्हणजे वैमानिकाचा धोका वाढला. तरीही कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या नौकेवरून उड्डाणे होत राहिली. ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीरचक्र मिळाले.

अशा वैमानिकांवर ब्रिटनच्या ईलिंग स्टुडिओने भर महायुद्धात, १९४१ मध्ये 'शिप्स विथ विंग्ज' हा चित्रपट काढला. त्यातली काही दृश्ये 'आर्क रॉयल' नौकेवर टिपलेली आहेत. तीच नौका १४ नोव्हेंबर १९४१ रोजी जिब्राल्टरजवळ बुडाली. 'विक्रांत'ची बांधणीही त्याच महायुद्धात, १९४३ मध्ये, 'हर्क्युलिस' या नावाने सुरू झाली होती. पुढे मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. अशी नौका जपायलाच हवी होती.